पाण्याच्या गोळीला रजा

अहो, तुम्ही बाळसं धरलंय असं मी वाडीभर सांगत फिरले होते. आठवतं ना? आठवत असेलच. मेलात म्हणून काय झालं, माझी फजिती विसरणारे तुम्ही नव्हेत.

मुंबईचा छापखाना सोडून कायमचे घरी आलात ते सुकवलेल्या बोंबलासारखे. मी मनाशी म्हटलं, आता ह्या माणसाला भरवून दाखवते. आणि पावसाळा सरता सरता खरंच तुमचे गाल वर आले, घोट्याची हाडं दिसेनाशी झाली, पोट धोतराच्या गाठीवर टेकायला लागलं. शेजारच्या सखूला ओट्यावर बोलावून मी तुमचे पाय दाखवले. म्हटलं, बघ, बायकोच्या हातचं अंगी लागलं की माणूस असा दिसतो. सातवी पास बाई मी, वाडीची पत्रं वाचून देणारी, आणि खाल्लेलं अन्न कधी कुणाच्या पायाच्या पंजावर चढत नाही एवढं मला सुचू नये. उलट कौतुकानं रोज खारातली कैरी, भाजलेली सुकट, पेजेत वरून मिठाची चिमूट. जे तुम्हाला बुडवत होतं तेच वाटीवाटीनं वाढत होते आणि तुम्ही बोटं चाटत होतात. तेव्हाची ती मी आज मला भेटली तर तिच्या टाळक्यात पळी घालीन.

पण ती निदान अडाणी होती. तुम्ही नव्हतात. तुम्हाला सगळं समजावून सांगितलं होतं, तरी तुम्ही जे केलंत त्याचा मला जाब हवाय. तुम्ही देणार नाही हे ठाऊक आहे. जिवंतपणी कुठला दिलात? पण तुमच्या मरणाचं सोनं करणाऱ्यांनी माझं डोकं उठवलंय. शिमग्यात, पालखीच्या दिवसांत गेले, देवीनं उचलून नेलं, असं मरण भाग्यवंताला येतं. जो येतो तो हेच बोलतो, चहा पितो, तुमचं भाग्य सांगतो आणि जातो. मी मान हलवते आणि दात खाते. देवीवर कशाला ढकलायचं? देवीनं नाही नेलं. तुम्ही गोळी घेतली नाहीत.

डॉक्टरीणबाईंकडे पहिल्यांदा गेलो ती दिवाळी आठवा. भातखाचरातून घरापर्यंतची घाटी चढताना तुम्ही तीनदा बसलात, रात्री भिंतीला टेकून झोपायला लागलात, तेव्हा आपला पोरगा विजय सुट्टीवर आला होता म्हणून तुम्हाला जबरदस्तीनं रत्नागिरीला घेऊन गेला. मांडवीतला तो दवाखाना, खिडकीतून येणारा खारा वारा, आणि तुम्हाला दोन वाक्यं सलग बोलवत नव्हती. बाईंनी तुमच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला, पिकून मऊ झालेल्या बरक्या फणसात बोट जावं तसा. मी बघतच राहिले. सखूला दाखवलेले ते हेच पाय.

बाई म्हणाल्या, हे अंग नव्हे, पाणी आहे, आणि ह्या आजाराला हार्ट फेल्युअर म्हणतात. आता आपल्याकडे हार्ट फेल म्हणजे माणूस गेला, बायकांनी गळा काढायचा. इथं फेल झालेला माणूस समोर स्टुलावर बसून, भिंतीवरचं कॅलेंडर कुठल्या छापखान्यातलं आहे ते वाकून वाचत होता. रडावं की हसावं मला कळेना.

आपली तोंडं बघून बाईंना समजलं असावं. त्यांनी विचारलं, घरी पोफळींना पाणी कसं देता? तुम्ही म्हणालात, विहिरीवर पंप आहे. मग त्या म्हणाल्या, समजा तो पंप दमला. बंद नाही पडला, नुसता दमला. झरे तर येतच राहणार, उपसा कमी पडणार, मग पाणी कुठं जाईल? काठावर येईल, तुम्ही म्हणालात. बाई म्हणाल्या, तुमचं तेच झालंय. पायात तुंबलं, पोटात तुंबलं, आता छातीत चढायला लागलंय, म्हणून आडवं झालं की जीव घुसमटतो. वर्षानुवर्षं रक्तदाब चढलेला, त्यावर कुणी काही केलं नाही, त्यानं हृदय थकलं. ते पुन्हा नवं होणार नाही, पण सांभाळलं तर चालेल.

सांभाळायचं कसं तेही त्यांनी सांगितलं, एकदा नाही, दोनदा. एक बारकी पांढरी गोळी, ठोका सावकाश आणि घट्ट पडावा म्हणून. ती देण्याआधी नाडी मोजायची, साठाच्या खाली असेल तर द्यायची नाही. जेवणावरची वासना गेली, ओकाऱ्या झाल्या, डोळ्यांपुढं पिवळं दिसायला लागलं तर तडक घेऊन यायचं. ही गोळी अंगात साठत जाते म्हणून शनिवार-रविवार तिला सुट्टी. दुसरी पाण्याची गोळी, तुंबलेलं लघवीवाटे काढून टाकणारी. ती रोज, तिला सुट्टी नाही. तिच्यानं अंगातले क्षारही वाहून जातात, पायांत गोळे येतात, म्हणून केळं आणि शहाळ्याचं पाणी, तेही मोजकं. मीठ जवळजवळ बंद. रक्ताच्या नळ्या सैल करणाऱ्या नव्या गोळ्या मुंबईत मिळायला लागल्यात, त्यांचं पुढं बघू म्हणाल्या. ते पुढं आलंच नाही.

दवाखान्यातून उतरून आपण समुद्रावर जाऊन बसलो. खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी घेऊन एक माणूस आला आणि तुम्ही हात पुढं केलात. दवाखान्यातून निघून घटकाभरही झाली नव्हती. मी ती पुडी घेतली आणि तुमच्यासमोर बसून शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ली. तुम्ही म्हणालात, अगं, एखादा तरी. मी म्हटलं, तुमच्याच भल्यासाठी खातेय. घरी येईपर्यंत माझं पोट बिघडलं आणि तुम्ही एवढं हसलात की त्या धापेतही हसू थांबेना. त्या रात्री पहिल्यांदा मला वाटलं, हा माणूस जगेल.

आणि जगलात की. पाण्याच्या गोळीनं आठवड्याभरात तुमचे घोटे मला परत दिले. घरी वजनकाटा कुठला असायला? मी काळा दोरा घेतला, घोट्याभोवती गुंडाळून जिथं टोकं भेटली तिथं गाठ मारली. रोज सकाळी दोरा लावायचा. गाठ जुळली की ठीक, टोकं लांब राहिली की पाणी वाढलं, की त्या दिवशी तुमची आमटी अळणी आणि माझं तोंड तिखट. सखूला वाटलं मी दृष्ट काढते. मी तिला म्हटलं, दृष्टच लागली होती गं, तुला पाय दाखवले त्याची.

दोऱ्यानंतर नाडी. विजयनं दिलेलं सेकंदकाट्याचं घड्याळ मांडीवर ठेवायचं आणि तुमचं मनगट धरायचं. मी बोटं लावली की तुम्ही मुद्दाम काहीतरी बोलायला लागायचात. आज भेंड्यांना काय भाव होता, पलीकडच्या म्हशीनं दूध दिलं का. माझी मोजणी चुकायची, पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी चिडले तेव्हा म्हणालात, चुकू दे की, तेवढाच हात हातात राहतो. त्यावर मी काय बोलले ठाऊक आहे? म्हटलं, गप्प बसा, चहा उतू जाईल. जन्मभर तुम्ही मुंबईत आणि मी इथं. गणपतीला यायचात, शिमग्याला यायचात, पाहुण्यासारखे. चारचौघांत नवऱ्याचा हात धरणं आपल्यात नव्हतंच, आणि एकटे असायचो कधी? म्हातारपणी एका गोळीच्या निमित्तानं मला रोज सकाळी तुमचा हात धरायला मिळाला. तेव्हा सांगायला हवं होतं की मलाही मोजणी चुकलेली आवडते. चहा काय, पुन्हा ठेवता आला असता.

पण राग विसरले नाही मी. राग हातखंब्याचा आहे.

तुम्ही विजयच्या सासरी लग्नाला निघालात. सकाळी गोळी घेऊन एसटीत बसलात, आणि हातखंब्याच्या जरा अलीकडं तुम्हाला कंडक्टरला गाडी थांबवायला सांगावं लागलं. गाडी थांबली, तुम्ही कडेला जाऊन आलात, आणि चढताना मागच्या बाकावरून कुणीतरी काहीतरी बोललं. गाडी हसली. काय बोललं ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. तेव्हापासून एसटीच्या दिवशी गोळी बंद. मी भांडले. तुम्ही म्हणालात, त्या पांढऱ्या गोळीला शनिवार-रविवार सुट्टी, मग हिनं काय पाप केलंय? कामगार आहे ती पण. हक्काची रजा तिलाही हवी.

छापखान्याच्या युनियनमध्ये जन्म घालवलेल्या माणसाचं हे तर्कट. हसले मी. हसायला नको होतं. तिथंच तुमच्या हातून रजेचा अर्ज काढून फाडायला हवा होता. मी समजावलं की त्या गोळीची सुट्टी ती साठते म्हणून, आणि ही बंद केली की पाणी साठतं. दोन्हींत साठणं आहे पण उलटं आहे. तुम्ही मान डोलावलीत. तुमची मान फार सोयीची होती. तिनं होकार दिला तरी बाकीच्या देहाला काही कळवायची नाही.

आता माझ्या वाट्याची चूक. लग्नानंतरचा पहिला शिमगा. पालखी अंगणात आली, सासूबाईंनी ओटीचं ताट माझ्या हातात दिलं, आणि ही नवी नवरी देवीकडं बघायचं सोडून दांडीखालच्या माणसाकडं बघत राहिली. ताटातला नारळ घरंगळून थेट मामंजींच्या पायावर. ते लंगडत घरात गेले आणि मी संध्याकाळी तुम्हाला सांगितलं की पालखी नाचवताना तुम्ही फार देखणे दिसता. त्या वयात मुलीला तोंड असतं, अक्कल नसते. एवढ्या संसारात मी तुमचं केलेलं एवढं एकच कौतुक, आणि तुम्ही नेमकं तेच धरून बसलात.

ह्या शिमग्याला आपलं ठरलं होतं. आपल्या अंगणात एकदा खांदा द्यायचा, मग ओट्यावर बसून बघायचं. तुमची ती सोयीची मान डोलली. पण पालखी देवळातून निघाली आणि तुम्ही अनवाणी पहिल्या घरापासून तिच्यामागं. मी सकाळी दोरा घेऊन आले तर म्हणालात, पालखी खांद्यावर घेणाऱ्यानं सोवळं पाळायचं असतं, हे दिवस मला शिवू नकोस. दोरा नाही, नाडी नाही. सकाळी तेवढे अंगणात यायचात, मी तुमच्या तळहातावर वरूनच गोळ्या टाकायची, तुम्ही तोंडात टाकून पाणी प्यायचात आणि निघायचात. मुक्काम देवळात. रात्री कसे झोपता, बसून की आडवे, मला कळायला मार्ग नाही. मधे एकदा जेवायला आलात तेव्हा उलट तक्रार करत होतात की हल्ली पोरं दर दोन घरांमागं पालखी विसाव्याला टेकवतात, आमच्या वेळी अख्खी वाडी एका दमात व्हायची. तुमचे ओठ तेव्हाच काळपट दिसले मला. म्हणालात, ऊन. मी ऊन मानलं. सातवी पास बाईनं दुसऱ्यांदा माती खाल्ली.

पालखी आपल्या अंगणात आली त्या दुपारी मी ओटीचं ताट घट्ट धरून उभी होते. ढोल वाजले, तुम्ही खांदा दिलात, आणि, जळो माझं तोंड, देखणे दिसलात. पालखी उठून सखूच्या अंगणात गेली. तुम्ही गेला नाहीत. अंगणाच्या दगडी गडग्यावर बसलात, छाती भात्यासारखी, आणि खोकल्याबरोबर ओठांवर गुलाबी फेस आला. मग जीप, मग रस्ता. हातखंबा मागं पडला तेव्हा तुमचा हात माझ्या हातात होता. सवयीनं नाडी बघायला गेले. तुम्ही भेंड्यांबद्दल काही बोलला नाहीत. मी पहिल्यापासून मोजायला लागले, आणि मोजायला काही नव्हतं.

तुमची पानाची चंची सुनेनं झटकली तेव्हा कातात आणि चुन्यात चिकटलेल्या पाण्याच्या गोळ्या पडल्या. पांढरी गोळी तेवढी गिळायचात, आणि ही गालात धरून, वळणावर जाऊन चंचीत टाकायचात. लहान मुलासारखे. तुमच्या नातवानं असं केलं असतं तर तुम्हीच त्याचा कान धरला असता. मी कुणाचा धरू?

तेरावं झाल्यावर विजयला घेऊन मी मांडवीला गेले आणि त्या गोळ्या बाईंच्या टेबलावर ठेवल्या. बाईंचा चेहरा उतरला. त्या हळूच म्हणाल्या की सकाळी अडचण होती तर दुपारी चालली असती, एखाद्या दिवशी संध्याकाळी घरी परतल्यावरही. बंद तेवढी करायची नव्हती. त्यांना वाटलं होतं आजोबा सगळं विचारतात. पंपाचं बोललात, कॅलेंडरच्या छापखान्याचंही विचारलंत. एवढ्या शंका काढणाऱ्या माणसाला बाईमाणसापुढं लघवीचा शब्द उच्चारवेना. मलाही का नाही सुचलं विचारायचं? मी काय लाजणारी आहे? मी तर भर बाजारात विचारलं असतं. पण तुम्ही एसटीच्या हसण्याचं दुखणं माझ्यापासूनही झाकलंत, आणि मला वाटलं तुम्हाला फक्त चेष्टा सुचतेय. चेष्टेच्या खाली काय होतं ते बघायला मी बोट दाबलंच नाही.

आणि देवीचं भाग्य ऐकवणारे येतच होते. परवा शांताराम आला. पुढच्या दांडीचा मानकरी, त्याच्याच इशाऱ्यावर पालखी उठते नि टेकते. हातात प्रसादाचा नारळ. तोही आता भाग्याचं काढणार, आणि मग मी त्याला सोलून काढणार, अशी तयारी करून बसले होते. त्यानं तोंड उघडायच्या आत चुना लागलेल्या त्या गोळ्या त्याच्यापुढं टाकल्या. म्हटलं, बघा तुमच्या देवीचं भाग्य. ही खाल्ली की माणसाला सारखं मुतायला जावं लागतं. गेलं की हातपाय धुवा, चूळ भरा, मग दांडीला हात. तेवढा वेळ तुम्ही सगळे खोळंबणार, कुणीतरी हसणार, म्हणून तुमच्या मित्रानं ही थुंकली आणि छातीत पाणी भरून घेतलं. तुम्ही त्याच्या खांद्याला खांदा लावून होतात. तुम्हाला त्याचा श्वास ऐकू आला नाही?

मला वाटलं चिडेल. मला चिडायलाच हवा होता तो, निदान कुणीतरी भांडायला मिळालं असतं. पण त्यानं एक गोळी उचलली आणि नखानं तिचा चुना खरवडला. मग डोळे न उचलता बोलला. त्याचं बोलणं मी जसंच्या तसं सांगते, कारण तुमच्याकडून जाब मिळणार नाही, तर त्याच्या जागी एवढंच आलंय. तुम्हालाही ते ऐकायलाच लागेल.

"वैनी, मला साखरेच्या आजारानं तसंच होतंय ओ, सारखं जावं लागतंय. दर दोन घरांमागं पालखी टेकवतो ती कुणासाठी वाटली त्यांना? नुसतं बोलले असते, तर दर घराला टेकवली असती. देवीला कसली घाई होती?"